बाळाचं वजन झालं. बोलणं झालं का?

महिन्याच्या ठरलेल्या दिवशी अंगणवाडीत वजनकाटा लागतो. लेकरू काट्याच्या झोळीत बसतं, भोकाड पसरतं, ताई आकडा वाचतात आणि माता-बाल संरक्षण कार्डावर एक टिंब पडतं. टिंब हिरव्या पट्ट्यात आलं की आईचा जीव भांड्यात पडतो. दवाखान्यात गेलं की विचारणा होते ती डोस झाले का, जुलाब किती झाले, ताप कधीपासून. हे विचारायलाच हवं. गोवराने, धनुर्वाताने, जुलाबाने आपल्या वस्त्यांतली लेकरं जायची, ती याच विचारपुशीमुळे आणि लसींमुळे वाचू लागली. पण "आज बाळाशी कोण कोण बोललं?" हा प्रश्न आम्ही ना वॉर्डात ऐकला, ना ओपीडीत. नर्सिंगच्या अभ्यासात वाढ आणि विकास असे दोन वेगळे शब्द शिकवतात. वाढ म्हणजे वजन, उंची, डोक्याचा घेर. विकास म्हणजे बसणं, रांगणं, बोलणं, माणूस ओळखणं, रुसणं आणि समजूत पटणं. पहिल्याला काटा आहे, दुसऱ्याला नाही, म्हणून दुसरं मागे पडतं.

आम्ही म्हणजे वस्तीत फिरणाऱ्या सहा-सात जणी. कुणी रुग्णालयाची नोकरी करून या कामात आलो, कुणी आशाताई आहेत, कुणी नुसत्याच उपासिका. या पानावर आतापर्यंत रक्तदाब, साखर, पाळीचे त्रास यांवर लिहिलं गेलं आहे. या वेळी तीन वर्षांच्या आतल्या लेकरांबद्दल लिहितो आहोत. पहिलीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसणारं पोर तिथे सहाव्या वर्षी पोचत नाही. त्याची वाट बरीच आधी सुरू झालेली असते.

जन्माच्या वेळी बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण चौथा हिस्सा असतो. तीन वर्षांचं होईपर्यंत तो सुमारे ८० टक्के आकार गाठतो. उंची वाढायला सतरा-अठरा वर्षं लागतात, मेंदूची मोठी घाई मात्र याच तीन वर्षांत असते. या काळात मेंदूतल्या पेशी एकमेकींशी जोडल्या जातात, आणि कोणत्या जोडण्या टिकायच्या ते वापरावर ठरतं. शिवारातल्या पायवाटेसारखं आहे हे. जिच्यावरून रोज माणसं जातात ती वाट राहते, जिच्यावर कुणी पाऊल टाकत नाही तिच्यावर गवत चढतं.

आणि ही वाट तुडवायची कशी, तर बोलून, हसून, उत्तर देऊन. दीड-दोन महिन्यांचं बाळ तोंडाकडे बघून हसतं. ते "आऽऽ" करतं, आजी म्हणते, "हो का गं बया, मग काय झालं?", ते पुन्हा "आऽऽ" करतं. म्हाताऱ्या बाया म्हणतात, बाळ गप्पा मारतंय. अगदी बरोबर म्हणतात. बाळ बोललं, समोरच्याने ऐकलं, उत्तर दिलं, मग बाळाची पाळी आली. भाषेचा पहिला धडा हाच.

उत्तर आलं नाही तर काय होतं? १९७० च्या दशकात अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक साधा प्रयोग केला. आईने आधी बाळाशी नेहमीसारखं खेळायचं आणि मग दोन-तीन मिनिटं त्याच्याकडे नुसतं बघत राहायचं. चेहरा दगडासारखा, हसणं नाही, बोलणं नाही. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, ओरडतं, आईला परत खेळात ओढायची खटपट करतं. काही उपयोग होत नाही असं दिसलं की मान वळवतं, रडतं. खोली तीच, आईही तीच समोर, फक्त उत्तर बंद. मांडीवर बाळ आणि हातात मोबाईल घेऊन बसलेला बाप दिसला की आम्हाला हा प्रयोग आठवतो.

आता एक गोष्ट जमैकाची. दूरचा देश आहे, पण आपल्याला जवळची वाटावी अशी. १९८६-८७ मध्ये तिथल्या किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतली १२९ मुलं संशोधकांनी निवडली. वय ९ ते २४ महिने, सगळी कुपोषणाने खुजी राहिलेली. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर या डॉक्टर बाईंचं हे काम. मुलांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला दुधाची भुकटी दिली. दुसऱ्या गटाच्या घरी आरोग्य सेविका आठवड्यातून एकदा तासभर जायची आणि आईला सोबत घेऊन बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते दाखवायची. तिसऱ्याला दोन्ही मिळालं, चौथ्याला यातलं काहीच नाही. खेळणी घरच्या टाकाऊ वस्तूंची केलेली. ती घरात ठेवून यायची आणि पुढच्या आठवड्यात बदलायची. दोन वर्षं हे चाललं.

पुढे संशोधक त्या मुलांच्या मागावर राहिले. दुधाच्या भुकटीने सुरुवातीला जो फायदा झाला तो पुढे टिकला नाही. खेळ आणि बोलणं ज्यांना मिळालं त्यांचा फायदा टिकला. वीस वर्षांनी ही मुलं कमावती झाली तेव्हा त्यांची कमाई, ज्यांना हे मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा २५ टक्के जास्त निघाली. उदासी कमी, हाणामाऱ्याही कमी. यावरून कुणी दूध-अंडी बंद करू नका! उपाशी लेकरू खेळत नाही, हे सांगायला कुठलं संशोधन लागत नाही. आम्हाला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या घरात जाणारी बाई डॉक्टर नव्हती, मानसशास्त्रज्ञ नव्हती. आपल्या आशाताईसारखी, थोडं शिक्षण आणि थोडं प्रशिक्षण घेतलेली बाई होती. पुढे याच पद्धतीचं काम आपल्या देशात ओडिशातल्या कटकच्या झोपडवस्त्यांतही करून पाहिलं गेलं आणि मुलांच्या समजेत फरक दिसला.

वस्तीत आम्ही हे सांगायला गेलो की पहिलं उत्तर येतं, "त्याला काय कळतंय अजून?" दुसरं उत्तर जास्त खरं असतं, "ताई, वेळ कुठाय?"

या दुसऱ्या उत्तराला आम्ही कधीही हसण्यावारी नेत नाही. पहाटे चारला नळाला पाणी, सहाला पहिल्या घरची धुणीभांडी, मग दुसरं घर, तिसरं घर. सफाईच्या कामावरची बाई घरातली लेकरं उठायच्या आत बाहेर पडते. कोयता घेऊन कारखान्याला गेलेल्या जोडप्याचं बाळ उसाच्या फडाच्या कडेला झोळीत असतं आणि त्याला सांभाळायला असते सहा-सात वर्षांची बहीण. म्हणजे एका लेकराचं बालपण सांभाळायला दुसऱ्या लेकराची शाळा जाते. बाळाशी बोलायला पैसा लागत नाही असं भाषणात सांगतात, ते अर्धंच खरं आहे. वेळ लागतो, आणि राबणाऱ्या बाईच्या वेळेची किंमत रुपयांत होते.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर ते बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं यात देशाचं हित आहे, आणि त्याचा भार एकट्या बाईवर टाकता येणार नाही, असं त्यांनी मांडलं. १९२९ मध्ये तो कायदा मुंबई प्रांतात आला. ज्या घरात गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरं हातातून गेली, त्या घरातला माणूस हे बोलत होता. रमाईचं दुःख आपण गाण्यांत ऐकतो. ते कायदेमंडळात मागणी होऊन उभं राहिलं तेही घरोघरी सांगायला हवं.

आज कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे आणि ५० किंवा त्याहून जास्त कामगार असले तर पाळणाघरही. पण नोंदणीच्या नोकरीत आपल्या किती बाया आहेत? धुणीभांडी, कचरावेचणी, बिगारी, वीटभट्टी यांतल्या आईच्या वाट्याला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पैसे येतात. पहिल्या बाळाला ५००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६०००. तेही कागद पुरे असले तर. म्हणून गरोदरपणाची नोंद, आधार आणि बँकेचं खातं पहिल्या तीन महिन्यांतच जुळवा; आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी नावातल्या एका अक्षराच्या फरकाच्या असतात. अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवायची 'पाळणा' नावाची केंद्राची योजना आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. ती आपल्या वॉर्डात, गावात का नाही, हे नगरसेवकाला आणि ग्रामसभेत विचारण्याजोगं आहे. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी कामाच्या जागीच तंबूत पाळणाघर सुरू केलं होतं. म्हणजे जागा नाही ही सबब तेव्हाच निकालात निघाली.

तोवर काय करायचं? बाळासाठी वेगळा तास काढा असं आम्ही सांगत नाही. आहे त्याच कामात बोलणं मिसळायचं. न्हाऊ घालताना, "हा डावा हात, आता हा उजवा, आता पाणी डोक्यावर." भाजी निवडताना समोर बसवून त्याच्या हातात एक शेंग द्यायची, "ही लांब, ही आखूड." भाकरी थापताना थप थप आवाज करून दाखवायचा आणि त्याच्या हातात पिठाचा गोळा द्यायचा. बाजाराला जाताना कडेवरून त्याला बकरी, एसटी, केळीवाला दाखवायचा आणि त्याने बोट दाखवलं की थांबून त्या वस्तूचं नाव सांगायचं. बोट दाखवणं हे फार मोठं काम आहे. वर्षाच्या आसपास लेकरू बोट दाखवायला लागतं तेव्हा ते सांगत असतं, "मला जे दिसलं ते तूही बघ." त्या क्षणी "गप बस" म्हटलं तर ते खरंच गप बसायला शिकतं.

खेळणी विकत आणू नका असं नाही, पण गरज नाही. वेगवेगळ्या मापाची झाकणं, वाट्या, चमचा, चिंध्यांचा चेंडू, झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टी मारलेल्या बाटलीत मूठभर तूरडाळ. तोंडात जाऊन घशात अडकेल अशी गोष्ट मात्र सुटी देऊ नका: चिंचोका, गोटी, शेंगदाणा, बटण. दाणा श्वासनळीत अडकून निळं पडलेलं लेकरू आम्ही वॉर्डात पाहिलं आहे. चित्रांचं पुस्तक घरात नसलं तरी भिंतीवर तथागत आहेत, बाबासाहेब आहेत, सावित्रीमाई आहे. कडेवर घेऊन "बाबा कुठंयत? त्यांच्या हातात काय आहे?" असं विचारलं की दीड वर्षाचं पोर "पुत्तक" म्हणून दाखवतं. आमच्याकडच्या आज्यांना भीमाचे पाळणे पाठ आहेत. ते नामकरणाच्या दिवशी एकदा म्हणून ठेवून देऊ नका, रोज झोपवताना म्हणा. ताल, यमक, तेच शब्द पुन्हा पुन्हा; कानाला भाषेची सवय अशीच लागते.

बोलायचं कोणत्या भाषेत? इथे आमचं मत जरा ठाम आहे. घरात जी भाषा आहे तिच्यात. वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडी, अहिराणी असेल तर अहिराणी. हल्ली दहावी-बारावी झालेले आईबाप लेकराशी "ॲपल खा, डॉगी बघ, हँड वॉश कर" असं बोलतात. इंग्रजी शाळेची तयारी म्हणे. इंग्रजी शिकावीच, बाबासाहेबांच्या लेकरांनी तर नक्कीच. पण आईला स्वतःला इंग्रजीत चार वाक्यांपलीकडे जाता येत नसेल तर बाळाला चारच वाक्यं मिळतात. आपल्या बोलीत तीच आई रुसवा, गंमत, भीती, आजीच्या गावची हकीकत, कावळ्याची चिमणीची गोष्ट, सगळं देऊ शकते. एक भाषा भरपूर आली की दुसरी तिच्यावर चढते.

मोबाईलबद्दल थोडक्यात. दोन वर्षांच्या आत मोबाईल-टीव्ही अजिबात नको, आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला फार तर एक तास, तोही मोठ्या माणसाने सोबत बसून, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे. जागतिक आरोग्य संघटनाही साधारण हेच सांगते. पडद्यावरची बाहुली गाते, नाचते, पण बाळाने हाक मारली तर ओ देत नाही. जेवताना मोबाईल दिला की लेकरू न चावता, पोट भरलंय की नाही हे न कळता गिळत राहतं. आया म्हणतात, त्याशिवाय खातच नाही. सवय मोडायला आठ-दहा दिवस रडारड होते, हे आम्ही कबूल करतो. शेजारणीला आधी सांगून ठेवा.

जेवणाचा विषय निघालाच आहे तर: सहा महिने पुरे झाले की वरचं खाणं सुरू, आणि ते पाण्यासारखं नको. चमच्यावरून पटकन ओघळणार नाही इतकं घट्ट. वरणाच्या नुसत्या पाण्याने मेंदू बनत नाही. घट्ट वरण, मऊ भात, वरून तेल-तूप, कुस्करलेलं अंडं, मासा, बारीक केलेलं मटण-कलेजी, जे घरात शिजतं ते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांत रक्त कमी निघालं. शंभरात एकोणसत्तर! रक्तातलं लोह कमी पडलं की लेकरू दमतं, चिडचिडं होतं, खेळात लक्ष लागत नाही, आणि या वयातली लोहाची कमतरता मेंदूला बाधते. आशाताई लोहाच्या सिरपची बाटली देतात, आठवड्यातून दोनदा एक मिली. संडास काळी होते म्हणून ती बंद करू नका, ते औषधाचं लक्षण आहे. आणि लेकराला चहा देऊ नका. चहा-बिस्किटाने भूक मरते आणि जेवणातलं लोहही अंगाला लागत नाही. पाच रुपयांच्या पाकिटाबद्दल या पानावर इतक्यांदा लिहून झालं आहे की आता लिहीत नाही.

आता ज्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला तिकडे वळतो. एका वस्तीत आम्हाला तीन वर्षांची मुलगी भेटली. देखणी, तब्येतीने चांगली, कार्डावरची सगळी टिंबं हिरवी, सगळे डोस वेळेवर. घरचे म्हणाले, जरा हट्टी आहे, हाक मारली तरी बघत नाही, आणि बोलत नाही अजून. बापही उशिराच बोलला होता म्हणे. कुणी सांगितलं जीभ जड आहे, कुणी ताईत बांधला, कुणी नजर उतरवली. घरात पंचशीलाची फ्रेम, आणि मुलीच्या गळ्यात काळा दोरा. आमच्यातल्या एकीने तिच्या पाठीमागे जाऊन पितळी ताट आपटलं. आई दचकली, कोपऱ्यातली म्हातारी दचकली. मुलगी मांडीवरच्या बाहुलीचे केस विंचरत राहिली. तपासणीत दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही असं निघालं.

ही मुलगी हट्टी नव्हती. तिला तीन वर्षांत कुणाचीच हाक पोचली नव्हती. आणि त्या तीन वर्षांत तिच्या घरात अंगणवाडीताई, आशाताई, लसवाली सिस्टर, खासगी डॉक्टर असे सगळे येऊन-भेटून गेले होते. सगळ्यांनी वजन आणि डोस पाहिले.

जन्मलेल्या बाळाचीही कानाची तपासणी होते. बाळ झोपलेलं असताना कानात छोटं यंत्र लावून किंवा डोक्याला तारा लावून करतात. तारांच्या तपासणीला 'बेरा' म्हणतात. दुखत नाही. बाळ वेळेआधी जन्मलं असेल, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं असेल, कावीळ फार चढली असेल, मेंदूज्वर झाला असेल, घरात आधी कुणी जन्मापासून बहिरं असेल, तर ही तपासणी मागून घ्या. मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी अशी नात्यातली लग्नं ज्या घरांत होत आली आहेत तिथेही जन्मजात बहिरेपणाचं प्रमाण जास्त असतं, ही गोष्ट लग्नं जमवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. कान वाहणं हाही क्षुल्लक आजार समजू नका. आणि कानात कोमट तेल घालणं आजपासून बंद.

घरी लक्ष ठेवायच्या खुणा कार्डावर चित्रांसकट छापलेल्या आहेत. कार्डाची ती पानं बहुतेक घरांत कोरी करकरीत असतात. मोजक्या खुणा आम्ही इथे सांगतो. तीन महिन्यांचं होऊनही बाळ तोंडाकडे बघून हसत नाही. सहा महिने झाले तरी आवाजाच्या दिशेने मान वळवत नाही. दहा महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही. वर्ष-सव्वा वर्ष झालं तरी नावाने हाक मारल्यावर बघत नाही, बोट दाखवत नाही. दीड वर्षाला एकही शब्द नाही. दोन वर्षांचं झालं तरी "पाणी दे", "बाबा आला" असे दोन शब्द जोडत नाही. आणि येत असलेलं बोलणं किंवा हसणं कधीही, कोणत्याही वयात गेलं, तर त्याच आठवड्यात दाखवा. यातली एखादी खूण दिसली म्हणजे दोष आहेच असं नाही. एखादं लेकरू खरंच सावकाश बोलतं. पण ते ठरवायचं काम शेजारणीचं नाही, तपासणीचं आहे.

जायचं कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्याची तारीख ताईंकडून घेऊन ठेवा आणि त्या दिवशी लेकराला गावाला पाठवू नका. तिथून पुढे जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथे तपासणी आणि उपचार मोफत असतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून कान आणि वाचेचंच काम करते. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी केंद्राच्या 'ॲडिप' योजनेतून कॉक्लियर इम्प्लांटची शस्त्रक्रिया होते, पण त्यासाठी वय १ ते ५ वर्षांच्या आत लागतं. "होईल आपोआप" म्हणण्यात दोन वर्षं गेली तर त्या मुदतीतली दोन वर्षं गेली. इम्प्लांट झालं नाही, जमलं नाही, तरी खुणांची भाषा आहे. ती पुरी भाषा आहे, तिच्यात गोष्टी सांगता येतात, भांडता येतं, शिकता येतं. लेकरू भाषेविना राहता कामा नये, मग ती कानाने यावी की हाताने.

वर सांगितलेल्या मुलीला यंत्र मिळालं आहे आणि तिची आई आठवड्यातून एकदा दोन गाड्या बदलून तिला वाचा-उपचाराला नेते. त्यासाठी तिने एका घरचं काम सोडलं. दुसऱ्या घरच्या मालकिणीने त्या दिवसाचा पगार कापला. वेळेची किंमत म्हणालो ती ही.

घरातल्या भीतीबद्दलही दोन शब्द. रोज रात्री दारू पिऊन होणारी भांडणं पाळण्यातल्या बाळाला कळत नाहीत, हा गैरसमज आहे. शब्द कळत नाहीत, आवाज कळतो, आईचं थरथरणं कळतं. अशा घरातलं लेकरू सतत दचकत राहतं, झोपत नाही, चिकटून बसतं किंवा एकदम गप्प होतं. बाळंतपणानंतर काही बाया उदास होतात, बाळाकडे बघावंसंही वाटत नाही, उगाच रडू येतं. सासू म्हणते, नाटकं आहेत. हा आजार आहे, त्याला उपचार आहे, आणि आई बरी झाल्याशिवाय बाळाला उत्तर देणारं कुणी राहत नाही. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं तर आशाताईंना सांगा. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याला घरी येणं अपेक्षित आहे. न आल्या तर बोलावून घ्या.

बापांनी काय करायचं, असं आम्हाला विचारणारे बाप आता थोडे थोडे भेटू लागले आहेत. सुरुवातीला रिक्षा चालवणारा एक जण भेटला. म्हणाला, मी घरी येतो तेव्हा पोर झोपलेलं असतं. मग त्याने सकाळची आंघोळ स्वतःकडे घेतली. वीस मिनिटं, रोज. आता पोर बादली वाजली की त्याच्याकडे रांगत जातं. बायकोला तेवढ्या वेळात पाणी भरता येतं. आणि मुलीलाही तेवढंच बोलायचं, जेवढं मुलाशी. आपल्याकडेही मुलगा रडला की धावणारी आणि मुलगी रडली की "रडू दे, गप्प होईल" म्हणणारी घरं आहेत.

अंगणवाडी हा शब्द आपण सरकारी समजतो. सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ ला. त्याच्या तीस वर्षं आधी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक यांनी पालघरकडच्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, असा तो विचार होता. शंख-शिंपले, बिया, काड्या, माती ही तिथली साधनं. २०२४ मध्ये केंद्र सरकारने जन्म ते तीन वर्षांच्या मुलांसाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा आणला. घरी जाऊन आईबापांना खेळ आणि बोलणं कसं करायचं ते दाखवायचं, असं त्यात आहे. आराखडा चांगला आहे. पण अंगणवाडीताईंच्या अंगावर आधीच आहार, वजन, रजिस्टर, मोबाईलमधली नोंद, सर्वेक्षण एवढं आहे की त्या घरी येणार कधी, हे आराखड्यात दिसत नाही. ताईंच्या मानधनासाठी आणि मदतनीसासाठी त्या जेव्हा मोर्चा काढतात तेव्हा आपण वस्तीने त्यांच्या मागे उभं राहणं, हे आपल्याच लेकरांचं काम आहे.

आमच्याकडे रविवारच्या वंदनेनंतर विहारातच एक सतरंजी टाकतो. झाकणं, वाट्या, चिंध्यांचे चेंडू, आज्यांनी शिवलेल्या दोन बाहुल्या, कापडावर चिकटवलेल्या चित्रांचं एक पुस्तक. तीन वर्षांच्या आतली लेकरं आणि त्यांच्यासोबत आई, बाप, आजी-आजोबा, जो कुणी असेल तो. तासभर. भाषण नसतं. एक जण बाळाशी खेळून दाखवतो, मग ज्याचं त्याने खेळायचं, आणि आमच्यापैकी एक जण कार्ड बघत फिरते. पहिल्या रविवारी चारच लेकरं होती आणि एकही बाप नव्हता. बाप बाहेर चपलांजवळ उभे राहून आत बघत होते. पाचव्या-सहाव्या रविवारी त्यांतला एक आत आला आणि चेंडू घरंगळवत बसला. मागच्या महिन्यात सतरंजी पुरली नाही, दुसरी आणावी लागली.

तुमच्या विहारात हे सुरू करायचं असेल तर फार काही लागत नाही: एक सतरंजी, पाण्याचा माठ, हात धुवायला साबण, आणि कार्ड वाचता येणारी एक ताई. ही वेळ लेकराच्या झोपेची नसावी, आणि त्याला खाऊ-पिऊ घालूनच आणा. कार्ड सोबत ठेवा. हरवलं असेल तरी या, नवीन कार्ड आशाताईंकडून काढून घेता येतं.